वाढपी गेला, पान कोण वाढणार?

एक इंच लांब, जवळपास तेवढंच रुंद, खाली अठरा पिना, आणि पोटात अख्खा वेब सर्व्हर. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टूसॉनच्या नेटमीडिया कंपनीने २००१च्या सुमाराला ‘साइटप्लेअर’ नावाचं हे मॉड्यूल आणलं, तेव्हा आमच्यासारख्या पॅनेलवाल्यांना ती जादूच वाटली होती. आत ८०५१ जातीचा प्रोसेसर, शेजारी रिअलटेकची आरटीएल८०१९एएस ही इथरनेटची चिप, वेब पानांसाठी ४८ किलोबाइट जागा. यंत्राचा मूळ कंट्रोलर कुठलाही असो, त्याच्या सिरीयल पोर्टच्या तारा मॉड्यूलला जोडायच्या, पलीकडे नेटवर्कची केबल खोचायची, की भट्टीचं तापमान ऑफिसातल्या ब्राउझरवर दिसायला लागे.

रीत अगदी साधी. पानात जिथे आकडा हवा तिथे एक टोपीचं चिन्ह आणि त्या आकड्याचं नाव लिहायचं. कुणी पान मागितलं की मॉड्यूल त्या जागी ताजा आकडा भरून पान पाठवी. कंट्रोलरने मधूनमधून सिरीयलवरून नवे आकडे कळवले की त्याचं काम संपलं. टीसीपी कशाशी खातात हे त्याला ठाऊक असायची गरज नव्हती. सर्व्हरला मराठीत खरं तर वाढपी म्हणायला हवं, तो वाढतो त्यालाही आपण पानच म्हणतो! आचाऱ्याने आत रांधायचं आणि खिडकीतून भांडं पुढे सरकवायचं. पंगतीत कोण बसलंय, कुणाला काय हवंय, ते वाढपी बघून घेईल. ही खिडकी ध्यानात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

साइटप्लेअर आता बनत नाही. त्याच्या पिढीतले बहुतेक जण गेले किंवा जायच्या वाटेवर आहेत. १९९९ आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ही सगळी मंडळी जन्माला आली. डॅलस सेमीकंडक्टरचं ‘टिनी’ होतं, संगणकातल्या रॅमच्या पट्टीच्या आकाराचं आणि चक्क जावा चालवणारं. २००१ साली डॅलस कंपनीच मॅक्सिमने विकत घेतली. झी-वर्ल्डच्या घरातला ‘रॅबिट’ होता, झायलॉगच्या झेड१८० या जुन्या प्रोसेसरचा वंशज. त्याचं स्वतःचं ‘डायनॅमिक सी’ होतं आणि त्यावर जीव टाकणारे प्रोग्रॅमर होते. २००६ साली रॅबिट डिजीच्या ताब्यात गेला. लँट्रॉनिक्सच्या ‘एक्सपोर्ट’ने तर नेटवर्कची केबल खोचायच्या खाचेतच अख्खा सर्व्हर बसवला. बाहेरून बघावं तर नुसता जॅक! आणि केवळ हौस म्हणून असेल, पण १९९९ साली एच. श्रीकुमार यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट परिसरात आठ पिनांच्या एका पिक चिपवर वेब सर्व्हर चालवून दाखवला होता. काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढा. त्याच काळात स्वीडनमध्ये ॲडम डंकेल्स यांनी ‘यूआयपी’ आणि ‘एलडब्ल्यूआयपी’ हे इवलेसे टीसीपी-आयपी लिहून कुणीही वापरावेत म्हणून मोकळे केले. त्यांची गोष्ट पुढे येईल, आणि ती सगळी गोड नाही.

ही मॉड्यूलं मेली ती वाईट होती म्हणून नव्हे. साइटप्लेअरच्या पोटातली आरटीएल८०१९एएस मुळात डेस्कटॉप संगणकाच्या जुन्या आयएसए कार्डांसाठी बनलेली होती. तिचे खरे गिऱ्हाईक संगणकवाले, लाखांच्या हिशेबाने घेणारे. मॉड्यूलवाले म्हणजे गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. गाडा पीसीआयकडे वळला आणि नळा रस्त्यात राहिला. दुसरं कारण कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचं. मोठी कंपनी लहान कंपनीला घेते तेव्हा सहसा तिची गिऱ्हाईकं घेते. तिच्या कारखान्यातला मोल्ड आणि तिच्या कंपायलरची देखभाल किती वर्षं चालवायची हे पुढच्या बैठकीत ठरतं. आपल्याकडचं यंत्र मात्र पंधरा-वीस वर्षांच्या बोलीवर विकलेलं असतं. बॉयलरच्या पॅनेलला कुणी दर तीन वर्षांनी बदलत नाही.

मृत्यूची वार्ता येते ती वितरकाच्या मेलमधून. आधी डेटाशीटवर ‘नव्या डिझाइनसाठी शिफारस नाही’ असा शिक्का पडतो, मग ‘एंड ऑफ लाइफ’ची सूचना आणि त्यात ‘लास्ट टाइम बाय’ची तारीख. जेडेक या मानकसंस्थेच्या नियमाप्रमाणे अशा सूचनेनंतर शेवटची ऑर्डर द्यायला किमान सहा महिने आणि शेवटचा माल मिळायला वर्षभर मिळायला हवं. प्रत्यक्षात सूचना जाते ती खरेदी विभागातल्या कुणाच्या तरी मेलवर, आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. आमच्या धंद्यात ‘पार्ट ऑब्सोलीट झाला’ हे वाक्य बहुधा त्या तारखेनंतरच ऐकू येतं.

मग पहिला विचार साठ्याचा. पुढच्या पाच वर्षांना पुरेल एवढा माल भरून ठेवावा, हा मोह मी समजू शकतो. दुरुस्तीचे स्पेअर म्हणून वीस-पंचवीस नग ठेवणं शहाणपणाचंच आहे. पण नवी यंत्रं त्याच साठ्यावर विकत राहणं म्हणजे कर्ज काढून सण. पिना काळवंडतात, सोल्डर नीट धरत नाही, फ्लॅशमध्ये लिहिलेलं कायमचं असतं असं नाही. साठा संपल्यावर बाजारातून उचललेला माल त्याहून वाईट. जुन्या बोर्डांवरून उपसून, घासून, नवा शिक्का मारून विकलेल्या चिप्स लॅमिंग्टन रोडपासून शेन्झेनपर्यंत सगळीकडे मिळतात. दहापैकी सात चालतात, आणि उरलेल्या तीन कुठल्या हे गिऱ्हाइकाच्या कारखान्यात कळतं. बंद झालेल्या भागांचा अधिकृत व्यापार करणाऱ्या रोचेस्टर इलेक्ट्रॉनिक्ससारख्या कंपन्या आहेत. त्यांच्याकडे चिप मिळू शकते, पण तयार मॉड्यूल क्वचित.

दुसरी वाट त्याच घराण्यातल्या धाकट्या भावाची. इथे काही कंपन्यांनी खरोखर इमान राखलं आहे. डिजीने ‘कनेक्ट एमई’ची जागा घ्यायला त्याच पिनांचा ‘कनेक्ट एमई ९२१०’ दिला. कॅलिफोर्नियातल्या नेटबर्नरने आपल्या जुन्या शंभर पिनांच्या मॉड्यूलची रचना पुढच्या पिढीतही तशीच ठेवली. लँट्रॉनिक्सनेही एक्सपोर्टच्या आकाराची नवी आवृत्ती आणली. अशी सोय असेल तर ती घ्या, त्यात कमीपणा नाही; सर्किट बोर्ड बदलावा लागत नाही हे फार मोठं सुख आहे. फक्त ‘पिन जुळतात’ आणि ‘काम जुळतं’ यांत बरंच अंतर आहे. नव्या भावाला करंट जास्त लागतो, चालू व्हायला जास्त सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात आपला कंट्रोलर ‘उत्तर नाही’ म्हणून अलार्म वाजवतो. डेटाशीटच्या पहिल्या पानावर ‘ड्रॉप-इन’ लिहिलेलं असतं, या असल्या गोष्टी साठाव्या पानावर.

तिसरी वाट दुसऱ्या कंपनीच्या तयार मॉड्यूलची. सिरीयलचं इथरनेट करून देणारी मॉड्यूलं आज ढिगाने आहेत. कोरियाच्या विझनेटचं ‘विझ७५०एसआर’, तैवानच्या टिब्बो आणि मोक्सा यांची, चीनच्या यूएसआरची. पण यातली बहुतेक म्हणजे नुसत्या नळ्या आहेत: इकडून बाइट घातला की तिकडून बाहेर. त्यांच्यातलं वेब पान असतं ते त्यांच्या स्वतःच्या सेटिंगपुरतं. आपल्या भट्टीचं पान त्यात बसवता येईल का, हे विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. विझनेटने ‘विझ५५०वेब’ नावाचं मॉड्यूल नेमकं याच कामासाठी काढलं होतं. टिब्बोच्या मॉड्यूलवर बेसिकसारख्या भाषेत प्रोग्रॅम लिहून पान वाढता येतं, आणि ते चांगलं चालतं. तरी माझी अडचण वेगळी आहे. एका कंपनीच्या खास भाषेत अडकून आपण एकदा रॅबिटच्या बाबतीत हात पोळून घेतलेत. डायनॅमिक सी मध्ये लिहिलेला दहा वर्षांचा कोड दुसरीकडे उचलून नेता येत नाही, हे शिकायला तेव्हा फी भरली आहे. पुन्हा तीच शाळा कशाला?

म्हणून चौथी वाट, मॉड्यूल सोडून चिपकडे जाण्याची, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण गेल्या दहा-बारा वर्षांत खरा बदल इथेच झाला. पूर्वी मॉड्यूल घ्यायचं कारण एकच होतं: इथरनेट स्वतः करणं अवघड होतं. मायक्रोचिपच्या ईएनसी२८जे६० या अठ्ठावीस पिनांच्या चिपने पहिली भिंत पाडली. विद्यार्थ्यांनी ब्रेडबोर्डावर वेब सर्व्हर उभे केले. पण ती दहा मेगाबिटवरच चालते, आणि आजचे काही नवे स्विच दहा मेगाबिटला विचारतही नाहीत. (साइटप्लेअरही दहा मेगाबिटचाच. म्हणजे आयटी विभागाने स्विच बदलला त्या दिवशी चांगलं चाललेलं मॉड्यूल ‘बिघडतं’, आणि दोष पॅनेलवाल्यावर येतो.) नवीन कामात ईएनसी२८जे६० घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अजून मिळते, स्वस्त आहे, म्हणून लोक घेतात.

विझनेटची डब्ल्यू५५०० मात्र वेगळ्या विचाराची. टीसीपी-आयपीचं सगळं लचांड तिच्या सिलिकॉनमध्येच कोरलेलं आहे. एका वेळी आठ जोडण्या, ३२ किलोबाइटची जागा, बाहेर फक्त एसपीआयच्या चार तारा. तिची थोरली बहीण डब्ल्यू५१०० अर्दुइनोच्या पहिल्या इथरनेट शील्डवर होती, त्यामुळे या घराण्यासाठी लिहिलेला कोड जगभर पडला आहे. हीच गोष्ट मला तिच्या वेगापेक्षा मोलाची वाटते. ज्या भागाचे गिऱ्हाईक अनेक धंद्यांतले असतात तो भाग एकदम मरत नाही, आणि मेलाच तर त्याची नक्कल करणारे चार जण उभे राहतात. एक उणेपणा सांगायला हवा: टीएलएस, म्हणजे पानाच्या पत्त्यामागचं ते कुलूप, ही चिप देत नाही. ते कंट्रोलरलाच करावं लागतं.

अधिक ताकद हवी असेल तर एसटीएम३२ची एफ४०७सारखी चिप. इथरनेटचा अर्धा भाग आतच असतो, बाहेर लॅन८७२०सारखी एक फिजिकल लेयरची चिप आणि पन्नास मेगाहर्ट्झचा घड्याळी ठोका. वर डंकेल्स यांचा एलडब्ल्यूआयपी, आणि त्याच्यासोबत येणारा लहानसा वेब सर्व्हर. सगळं मोकळं, सगळं नीट चालणारं, आणि सगळं स्वतः जुळवायचं. कसलेला माणूस हाताशी असेल तर याहून पक्का मार्ग नाही. पण २०२१ची चिपटंचाई विसरू नका. एसटीएम३२साठी वितरक वर्षापलीकडच्या तारखा देत होते आणि लोक चिनी जीडी३२ बसवून वेळ मारून नेत होते. त्यात काहींचं निभावलं, काहींना घड्याळाच्या बारीक फरकांनी रडवलं.

आणि मग शांघायच्या एस्प्रेसिफने सगळ्यांचा हिशेबच उलटा केला. २०१४ साली ईएसपी८२६६ आली ती नुसतं वायफायचं स्वस्त मॉड्यूल म्हणून. हौशी लोकांनी तिच्या आतच प्रोग्रॅम चालतो हे बघितलं आणि अंगणभर सर्व्हर मांडले. २०१६ साली ईएसपी३२ आली. दोन गाभे, वायफाय, टीएलएस, कंपनीचा स्वतःचा मोकळा वेब सर्व्हर, आणि जेमतेम लोकांना ठाऊक असलेली एक सोय: मूळ ईएसपी३२मध्ये इथरनेटही आहे. डब्ल्यूटी३२-ईटीएच०१सारख्या छोट्या बोर्डावर तिला लॅन८७२० आणि जॅक जोडलेला तयार मिळतो. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की पुढच्या एस३ आणि सी३ या भावंडांतून हे इथरनेट काढून टाकलं. ‘नवीन तेच चांगलं’ म्हणून एस३ मागवली की केबल कुठे लावायची हा प्रश्न उरतो. वायफायवर समाधान मानणाऱ्यांनाही दोन शब्द: पत्र्याच्या पॅनेलमध्ये वायफाय गुदमरतं, आणि भारतात बिनतारी उपकरण विकायचं तर केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाची ईटीए मंजुरी लागते, जी तारेच्या जोडणीला लागत नव्हती. आगीतून फुफाट्यात जायचं नसेल तर कारखान्यात तारच बरी.

आता खिडकीकडे. साइटप्लेअरची सिरीयलवरची भाषा अगदी तोकडी होती: अमुक पत्त्यावर लिही, अमुक वाच, हा बिट उलटा कर, हे पाकीट यूडीपीने पाठव. आज्ञा बोटांवर मोजण्याएवढ्या, वेग सुरुवातीला ९६००. मग ईएसपी३२ला हीच भाषा शिकवली तर? जुन्या कंट्रोलरला कळतही नाही की पलीकडचा माणूस बदलला. तो खिडकीतून भांडं सरकवत राहतो, नवा वाढपी घेत राहतो. आम्ही एका जुन्या पॅनेलसाठी हेच केलं. कंट्रोलरच्या कोडला हात लावला नाही. लावताही आला नसता, कारण मूळ सोर्स असलेला संगणक केव्हाच भंगारात गेला होता. अठरा पिनांच्या जागी बसेल अशी छोटी पाटी करून तिच्यावर नवा बोर्ड बसवला. प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंग तीन आठवड्यांचं, पण त्याआधी दोन महिने जुनं मॉड्यूल आणि कंट्रोलर यांच्यातला संवाद लॉजिक ॲनालायझरवर ऐकत बसलो होतो. कागदपत्रांत नसलेल्या दोन-तीन सवयी तिथेच सापडल्या. बदली शोधणाऱ्याने कॅटलॉग उघडायच्या आधी हे ऐकण्याचं काम करावं, एवढं मी ठामपणे सांगेन. जुनं चालतं मॉड्यूल हातात असेपर्यंतच ते करता येतं.

एक फजितीही सांगतो. दोष सर्वस्वी माझा. तयार मॉड्यूल विकत घेतलं की त्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची जन्मखूण, सोबत येते. सुट्या डब्ल्यू५५००ला ती नसते. आपण द्यावी लागते. मी अर्दुइनोच्या उदाहरणातला तो प्रसिद्ध ‘डेड बीफ फीड’ असा वाचला जाणारा पत्ता चाचणीसाठी टाकला आणि तसाच ठेवून दिला. नाशिकजवळच्या द्राक्षांच्या एका शीतगृहात दोन पॅनेल एकाच नेटवर्कवर बसली, तेव्हा एका खोलीचं पान उघडलं की कधी या खोलीचं तापमान दिसे, कधी शेजारच्या. तिथल्या मेंटेनन्सवाल्या दादांनी मला शांतपणे विचारलं, ‘‘साहेब, द्राक्षं या खोलीतून त्या खोलीत जातात का?’’ त्यानंतर आत पत्ता कोरून येणारी मायक्रोचिपची ईईप्रॉम प्रत्येक बोर्डावर बसते. काही रुपयांचं काम.

हार्डवेअरचं एवढं झालं, तरी पान उघडेलच असं नाही. कारण पंगतीतला पाहुणाही बदललाय. त्या काळच्या कित्येक मॉड्यूलांची पानं जावा ॲपलेटवर उभी होती. आकडे जागच्या जागी हलायला तेव्हा दुसरा सोपा उपाय नव्हता. क्रोमने २०१५ साली आणि फायरफॉक्सने २०१७ साली त्या प्लगइनचा रस्ता बंद केला. २०२०च्या अखेरीस फ्लॅश गेलं. त्याच वर्षी ब्राउझरांनी टीएलएसच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या बंद केल्या. ज्या मॉड्यूलांनी हौसेने कुलूप लावलं होतं तीच आधी बाहेर पडली; बिनकुलुपाची साधी पानं अजून उघडतात! म्हणून काही कारखान्यांत आजही कोपऱ्यात एक विंडोज एक्सपीचा संगणक फक्त एवढ्यासाठी जपलेला असतो. अशा ठिकाणी मॉड्यूल बदलायची घाईच नसेल तर मधली सोय आहे: आतल्या स्वतंत्र जाळ्यात मॉड्यूल ठेवायचं आणि पुढे एक छोटा लिनक्स संगणक दारवान म्हणून बसवायचा. बाहेरच्यांशी नव्या रीतीने कुलूपबंद बोलायचं, आतल्या म्हाताऱ्याशी त्याच्या भाषेत. हे तात्पुरतं आहे, पण वाईट नाही.

लिनक्स घरात आलाच तर वाढप्यांची रांगच लागते. बिझीबॉक्समधला इवला एचटीटीपीडी, ओपनडब्ल्यूआरटीचा यूएचटीटीपीडी, लाइटटीपीडी. साध्या चिपसाठी ‘मंगूस’ उत्तम, पण त्याचा परवाना वाचा. २०१३ साली तो एमआयटीच्या मोकळ्या परवान्यावरून जीपीएलवर गेला. बंद उत्पादनात वापरायचा तर पैसे मोजा. ज्यांना ते नको होतं त्यांनी जुन्या आवृत्तीवरून ‘सिव्हेटवेब’ काढला, तो आजही चालू आहे. परवाना बदलणं हाही ‘बंद पडण्याचा’च एक प्रकार आहे. फरक इतकाच की वितरकाचा मेल येत नाही.

इथे या प्रश्नाची दुसरी आणि मला जास्त काळजीची वाटणारी बाजू येते. चिप बंद झाली की ती मिळेनाशी होते. ओरड होते, बैठक होते, बदली शोधली जाते. सॉफ्टवेअर बंद झालं तर काहीच होत नाही. ते चालू राहतं. ‘बोआ’ नावाचा छोटा वेब सर्व्हर आहे, कॅमेरे आणि राउटरवाल्यांचा लाडका. त्याचं काम २००५ साली थांबलं. तरी चिप बनवणाऱ्यांनी आपापल्या सॉफ्टवेअर-संचात तो घातला होता, त्या संचावरून उपकरणं बनत गेली, आणि विकत घेणाऱ्याला आत कोण बसलंय याचा पत्ताच नव्हता. नोव्हेंबर २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की एका आठवड्यात इंटरनेटवर उघडे पडलेले बोआचे दहा लाखांहून अधिक सर्व्हर त्यांना दिसले. हा शोध सुरू झाला तो भारतातल्या वीजयंत्रणेवरून. लडाखच्या बाजूच्या भार प्रेषण केंद्रांमध्ये झालेल्या घुसखोरीबद्दल त्याच वर्षी एप्रिलमध्ये अहवाल आला होता. तिथल्या धाग्यांचा माग काढताना बोआ हे समान सूत्र सापडलं. ऑक्टोबर २०२२मध्ये मुंबईच्या टाटा पॉवरवर झालेल्या हल्ल्याचाही मायक्रोसॉफ्टच्या त्या लेखनात उल्लेख होता. बोआमुळेच सगळं घडलं असा निवाडा कुणी दिलेला नाही, आणि तसा आपणही देऊ नये. पण तेव्हा सतरा वर्षांपूर्वी सोडून दिलेला वाढपी वीजघरांच्या पंगतीत हिंडत होता, एवढं खरं.

हे एकटं उदाहरण नाही. ‘रॉमपेजर’ हा राउटरांतला सर्व्हर घ्या. त्याच्या ४.०७ या आवृत्तीतली चूक बनवणाऱ्याने २००५ सालीच दुरुस्त केली होती. २०१४च्या डिसेंबरात चेकपॉइंट या सुरक्षा कंपनीने बघितलं तर चूक असलेली किमान १ कोटी २० लाख उपकरणं १८९ देशांत चालूच होती. औषध होतं, रोग्यापर्यंत पोचलंच नाही. आणि डंकेल्स यांचा तो सुंदर यूआयपी? २०२० साली फोरस्काउट या दुसऱ्या सुरक्षा कंपनीने लहान टीसीपी-आयपींमध्ये मिळून ३३ चुका काढल्या, त्यांत तोही होता. फुकट मिळालेला कोड सगळ्यांनी उचलला, वाढवला, आणि सांभाळायची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

त्यामुळे बदली शोधताना मी आता चिपच्या किमतीआधी एक प्रश्न विचारतो: हिच्या सॉफ्टवेअरची शेवटची दुरुस्ती कधी झाली? ते बघायला दोन मिनिटं लागतात. पुण्या-नाशिकहून युरोपला माल पाठवणाऱ्यांना हा प्रश्न आता कायदाच विचारणार आहे. तिथला सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ला अमलात आला. त्रुटी कळवण्याची सक्ती सप्टेंबर २०२६पासून आणि बाकी बहुतेक बंधनं ११ डिसेंबर २०२७पासून. नेटवर्कला जोडलेल्या वस्तूला साधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या द्याव्या लागतील. साइटप्लेअरच्या जागी आज जे बसवाल त्याला हे झेपणार आहे का?

काही जण म्हणतात, यंत्रात वेब सर्व्हर हवाच कशाला. यंत्राने मॉडबस किंवा एमक्यूटीटीवर आकडे द्यावेत, पान दुसरीकडच्या संगणकावर बनावं. मोठ्या कारखान्यात हे बरोबर आहे, आणि दहा पॅनेलांच्या वर असतील तर मीही तेच सुचवतो. पण रात्री दोन वाजता एकुलत्या एक पंपाशी उभ्या असलेल्या ऑपरेटरला मोबाइलवर त्या पंपाचंच पान हवं असतं. त्याच्यासाठी यंत्रातला वाढपी राहायला हवा.

माझा कौल विचाराल तर: नग थोडे आणि यंत्रं वर्षा-दोन वर्षांत बदलणार असतील तर साठा आणि दारवान. नग शेकड्यांत असतील तर मूळ ईएसपी३२, तारेच्या इथरनेटसह. टीएलएस नको आणि कंट्रोलर आपलाच असेल तर डब्ल्यू५५००. खिडकी मात्र कोणत्याही परिस्थितीत जपा. कंट्रोलर आणि सर्व्हर एकाच चिपमध्ये कोंबून चार रुपये वाचवणाऱ्याला पुढच्या खेपेला दोघांचीही बदली एकदमच शोधावी लागते.

आणि आज एवढं करा. आपल्या जाळ्यातल्या प्रत्येक कॅमेऱ्याला, राउटरला, पॅनेलला ‘कर्ल’ने नुसता मथळा मागा. सर्व्हरच्या ओळीत ‘बोआ ०.९४’ असं उत्तर आलं, तर त्या उपकरणाची बदली कालच शोधायला हवी होती.